बदकांना धाप लागते, घशात घरघर – नेमकं काय असेल?

बोडीकाठ

राम राम मंडळी. आम्ही सिंदेवाही तालुक्यातले. घरामागे वाडी, वाडीला लागून बोडी (छोटं तळं) आणि चौदा बदकं. खाकी कॅम्पबेल म्हणून घेतली होती, आता त्यात गावठी मिसळ झालीच आहे. दिवसभर बोडीवर असतात, दिवेलागणीला आपली आपण घरी येतात. रात्री कुडाच्या खोपीत कोंडते. खाली धानाची तणस टाकलेली असते.

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला तेव्हापासून कटकट सुरू आहे. तिघांची लक्षणं वेगवेगळी आहेत, म्हणून वेगवेगळी सांगते.

१) एक मादी चोच उघडी ठेवून श्वास घेते. दर श्वासाला शेपटी वर-खाली होते. आवाज काहीच नाही. खाणं कमी झालंय, कळपाच्या मागे पडते.
२) दुसरीच्या एका डोळ्यात फेस येतो. सकाळी पापणी चिकटलेली, भोवतालची पिसं ओली. नाकपुड्यांत कोंडा घट्ट बसलाय. शिंकते.
३) तिसरं यंदाच्याच पिलांतलं. खातं, पोहतं, ठणठणीत आहे, पण आवाज पार बसलाय. घोगरं घर्र-घर्र करतं.

भावाने कृषी केंद्रातून कोंबड्यांच्या सर्दीची पुडी आणून ठेवली आहे, पाण्यात टाकायची. अजून फोडलेली नाही. आमच्याकडच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे दुसऱ्या गावाचाही चार्ज आहे, ते आठवड्यातून एखाददा भेटतात. ही सर्दी आहे की आणखी काही? बाकीच्यांना लागेल का? आणि अंडी खायची की नाही?

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, चौदा बदकं अन् धनी एकटाच? पहिले अंडे पाठवा, मंग इलाज सांगतो.

बोडीकाठ

भाऊ नाही, ताई.

वऱ्हाडी_ठेचा

चुकलं ताई. अंडे तरी पाठवा.

आजीचा_बटवा

ताई, घाबरू नका. ओवा, हळद, तुळस आणि दोन लसणाच्या पाकळ्यांचा काढा करा. कोमट झाला की चमच्याने घशात ओता, दिवसातून दोनदा. रात्री खोपीत कापूर आणि कडुनिंबाच्या पाल्याची धुरी द्या. आमच्याकडे कोंबड्यांना आजी हेच करायची.

ढोरडॉक्टर

आजीचा_बटवा, राग मानू नका, पण ही दोन्ही कामं करू नका.

आधी ओतण्याबद्दल. बदकाची चोच अलगद उघडून उजेडात पाहा. जिभेच्या मुळाशी मधोमध एक चीर दिसते, दर श्वासाला उघडते आणि मिटते. ते श्वासनलिकेचं तोंड आहे, अगदी उघड्यावर. चमचाभर काढा ओतला आणि पक्ष्याने त्याच क्षणी श्वास घेतला की काढा थेट आत. धाप लागलेल्या पक्ष्याचं तर ते तोंड बहुतेक वेळ उघडंच असतं. सर्दीने न मेलेलं बदक काढ्याने मरतं. द्यायचंच असेल तर चोचीच्या कडेला थेंब सोडायचा, त्याने गिळला की पुढचा.

दुसरं, धुरी. पक्ष्यांची फुप्फुसं लहान आणि घट्ट असतात, आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा खेळवायला नऊ वायुकोश असतात, ते पोटापर्यंत आणि काही हाडांतही पसरलेले. छाती-पोटामध्ये आपल्यासारखा पडदा नाही, त्यामुळे श्वास घ्यायला छातीचं हाडच खाली-वर हलवावं लागतं. त्रास वाढला की सगळं अंग कामाला लागतं आणि शेपटी हलायला लागते. एक नंबरच्या मादीचं तेच चाललंय. अशा पक्ष्याला धूर म्हणजे शिक्षाच. डासांची अगरबत्तीसुद्धा खोपीपासून लांब ठेवा.

त्याच कारणासाठी आजारी बदक छातीला आवळून धरू नका, छाती हलली नाही तर श्वास थांबतो. पंख मिटवून दोन्ही हातांत घ्या, वजन खालून पेला.

आता ताई, मला हे सांगा:
– वयं किती? (महिना-दीड महिन्याचं पिल्लू आणि मोठं बदक यांचे आजार वेगळे.)
– तणस कधीची आणि कशी आहे? हातात घेऊन वास घ्या.
– प्यायच्या पाण्यात डोकं बुडतं का?
– गावात कोंबड्या किंवा कावळे मरताहेत का?
– आसपास फवारणी?

पुडी सध्या राहू द्या. तिच्यावर नेमकं काय लिहिलंय ते टाका.

पुणेरी_गच्ची

माझ्याकडे गच्चीवर चार बदकं आहेत, त्यामुळे थोडं वाचन आहे. या लक्षणांवर सरळ ब्रॉड स्पेक्ट्रम अँटिबायोटिक पाच दिवस द्यावं. उगाच वाट बघण्यात अर्थ नाही.

वऱ्हाडी_ठेचा

गच्चीवर बदकं! पोहतात कुठं, सिन्टेक्समधी?

पुणेरी_गच्ची

टबमध्ये. सोसायटीची परवानगी काढली आहे.

बोडीकाठ

डॉक्टरसाहेब, उत्तरं देते.

पहिल्या दोघी मोठ्या, अंड्यावरच्या. तिसरं जून महिन्यात कोंबडीखाली उबवलेलं. तणस यंदाचीच आहे, पुंजण्याच्या (ढिगाच्या) बुडाची. पावसात भिजली होती, नंतर ऊन दाखवलं. वरून वाळलेली दिसते, आज उचकून पाहिली तर आत काळपट आहे आणि झटकली की भुकटी उडते. कुबट वास येतो.

मादी आजारी झाली म्हणून तिघांनाही बोडीवर सोडत नाहीये, खोपीतच ठेवलंय. पाणी पसरट थाळीत, चोच बुडेल एवढं. खायला कोंडा आणि शिळा भात. गावात कोंबड्या बऱ्या आहेत. धानाची कापणी झाली, त्यामुळे फवारणी नाही.

पुडीवर एनरोफ्लॉक्सासिन लिहिलंय.

तुमसरवाला

डॉक्टर बोलतीलच, पण ती काळी भुकटी वाचून राहवलं नाही. आमचा धानाचाच धंदा. बुरसलेली तणस झोडताना तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. माझ्या काकांना त्याच धुळीने कायमचा दमा जडला. माणसाचं हे हाल, तर रात्रभर त्यातच चोच खुपसून बसणाऱ्या पाखराचं काय होत असेल? ताई, आजच्या आज ती तणस बाहेर काढा. आणि खोपीजवळ झटकू नका, आधी पाण्याचा हबका मारा.

ढोरडॉक्टर

तुमसरवाला यांनी माझं अर्धं काम केलं.

पहिल्या मादीबाबत माझा पहिला संशय बुरशीवर आहे, अ‍ॅस्परजिलस. ओल धरलेली तणस, बुरसलेला भुसा, कुबट दाणा यांतून तिचे बीजाणू श्वासातून आत जातात आणि वायुकोशात रुजतात. ओळखायची एक खूण: जंतूंच्या सर्दीत बहुधा घरघर, शिंका, नाकातून पाणी असं काहीतरी असतं. बुरशीत पक्षी तोंड उघडून धापा टाकतो, पण आवाज बराचसा नसतो. खूण शंभर टक्के नाही, तरी इथे जुळते आहे.

पुणेरी_गच्ची, अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, बुरशीवर नाही. उलट आतले निरुपद्रवी जंतू मारून बुरशीला रान मोकळं करून देतं. बुरशीविरोधी औषधं आहेत, इट्राकोनॅझोलसारखी, पण ती महाग, आठवडेच्या आठवडे द्यावी लागतात, आणि धाप लागेपर्यंत आजार गेला असेल तर गुण क्वचितच येतो. ताई, खोटी आशा दाखवत नाही. ही मादी वाचेलच असं नाही. बाकीच्या मात्र वाचवता येतील. हा रोग एका बदकाकडून दुसऱ्याला लागत नाही, सगळी मिळून एकच घाण हुंगतात म्हणून एकामागून एक पडतात.

दुसरीचं वेगळं. बदकाला नाक-डोळे धुवायला डोकं पूर्ण बुडेल एवढं पाणी लागतं. थाळीतल्या पाण्यावर कोरडा कोंडा खाल्ला की त्याचा लगदा नाकपुडीत वाळून बसतो. आधी खोल बादली ठेवा. नाकपुड्या कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून मोकळ्या करा, काडीने कोरू नका. कोंडा ओला करूनच घाला. डोळ्याच्या पुढे, चोचीच्या वर गालाकडे सूज आहे का तेही चाचपा. तिथे पोकळी असते. सुजली असेल तर मायकोप्लाझमा किंवा दुसरे जंतू असू शकतात आणि तेव्हा औषध लागेल.

एक काम अजून. पहाटे खोप उघडायच्या आधी आत शिरून बदकांच्या उंचीला बसा. उभं राहून नाही, बसून. तुमचे डोळे चुरचुरले तर विष्ठेचा अमोनिया साचलाय. वारं खेळायला कुडाला वरच्या बाजूने फट ठेवा, बदकांच्या अंगावर झोत येईल अशी खालून नको.

मुलचेरा_कॅम्प

नमस्कार. आमच्या बंगाली कॅम्पांत घरोघरी बदकं असतात, लहानपणापासून त्यांच्यातच वाढलो. तिसऱ्या बदकाबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो.

ताई, ते जूनचं पिल्लू म्हणजे पाचेक महिन्यांचं झालं. शेपटीच्या वर एक-दोन पिसं वर वळलेली आहेत का पाहा. असतील तर तो नर आहे आणि आजारी-बिजारी काही नाही. मादी मोठ्याने क्वॅक-क्वॅक करते, नराचा आवाज घोगरा, दबका असतो. लहानपणी दोघंही चिवचिवतात. दीड-दोन महिन्यांनी नराचा आवाज फुटायला लागतो आणि नवीन माणसाला वाटतं घसा बसला.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे पोट्टं वयात आलं, अन् घरचे त्याले पुडी पाजाले निघाले होते! आमच्या शेजारच्या बंड्याचा आवाज फुटला तवा त्याच्या मायनं असंच सितोपलादि चाटवलं होतं म्हैनाभर.

ढोरडॉक्टर

मुलचेरा_कॅम्प, शंभर टक्के. नराच्या श्वासनलिकेच्या बुडाशी, डाव्या अंगाला हाडाचा एक पोकळ फुगा असतो, मादीत तो नसतो. शवविच्छेदनात नवीन विद्यार्थी त्याला गाठ समजतात. मीही विसरलो होतो बघा तिसऱ्याला.

बोडीकाठ

पाहून आले. दोन पिसं वळलेली आहेत 😄 आमच्या घरात सगळे हसताहेत.

पशुसेवक_निवृत्त

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, सगळी गडचिरोली-चंद्रपूर भागात. डॉक्टरसाहेबांचा आदर राखून सांगतो, 'औषध देऊ नका, आधी निदान करा' हे नागपूरला बसून ठीक आहे. इथं पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस दवाखान्यात जाता येत नाही. बदकाची किंमत किती आणि त्याला घेऊन जायचं भाडं किती? बाई काय करणार? घरातली पुडी टाकणार. आणि बऱ्याचदा गुण येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ढोरडॉक्टर

पशुसेवक, तुमची अडचण खरी आहे आणि गुण येतो हेही खरं. लहान पिलांतला एक आजार आहे, रायमेरेला. एक ते आठ आठवड्यांच्या पिलांत जास्त. डोळ्या-नाकातून पाणी, शिंका, हिरवट हगवण, मग डोकं थरथरतं, मान लटपटते, पाय ताठ होतात, उलथं पडून पाय झाडतं. त्यात योग्य औषध पहिल्या एक-दोन दिवसांत मिळालं तर पिलं वाचतात. तिथे वाट पाहा असं मी म्हणणार नाही, फोन करा आणि सुरू करा. पाश्चुरेला या जंतूच्या आजाराचंही तेच, त्यात तर कधीकधी लक्षण दिसायच्या आत बदक मेलेलं सापडतं.

माझं भांडण 'कोंबड्यांची पुडी, पाण्यात टाका' याच्याशी आहे. एनरोफ्लॉक्सासिनचा हिशोब दर किलो वजनाला दिवसाला १० मिलिग्रॅम असा असतो. बदक पितं त्यापेक्षा जास्त पाणी सांडतं. आजारी बदक तर कमीच पितं. मग डोस कोणाला गेला? चिखलाला. अर्धवट डोसाने जंतू मरत नाहीत, मुरतात. अमेरिकेने हे औषध कोंबड्यांसाठी २००५ मध्येच बंद केलं ते यासाठीच. आपल्याकडेही जनावरांसाठीच्या कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली.

म्हणून द्यायचं तर एकेका बदकाला, वजन करून, डॉक्टरला फोनवर विचारून. १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो.

पशुसेवक_निवृत्त

बरं. बदक तराजूत बसवून दाखवा म्हणजे झालं.

मुलचेरा_कॅम्प

थैलीत घालून काट्याला अडकवायचं, डोकं बाहेर. सोपं असतं हो.

पुणेरी_गच्ची

सगळे तणस आणि पिसांत अडकलेत. बर्ड फ्लूबद्दल कोणी का बोलत नाही? बोडीवर जाणारी बदकं, हिवाळा, श्वासाचा त्रास. मला तर आधी तेच सुचलं.

वऱ्हाडी_ठेचा

नाव नको घेऊ बाप्पा! एकानं फोन केला की सरकारी गाडी येते अन् साऱ्या गावच्या कोंबड्या पुरते. मंग गाव त्या ताईले काय म्हणन?

नवेगावकर

मी पक्षीनिरीक्षण करतो, नवेगावबांध आणि आसपासचे मामा (माजी मालगुजारी) तलाव. ऑक्टोबरपासून उत्तरेकडून बदकं उतरतात, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. मोठ्या तलावात माणसांची वर्दळ वाढली की ती छोट्या बोड्यांवर येतात आणि पाळीव बदकांच्या शेजारीच चरतात. त्यामुळे पुणेरींची शंका अगदीच अस्थानी नाही. पण रानबदक दिसलं की गुलेर काढायची हे मात्र नको, तो गुन्हा आहे. आपली बदकं महिना-दोन महिने वाडीतच ठेवणं सोपं.

ढोरडॉक्टर

बोलूया. महाराष्ट्राला हे नवीन नाही. देशात पाळीव पक्ष्यांत एच५एन१ पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच नवापुरात. विदर्भातलं सांगायचं तर २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे पडले.

बदकांची पंचाईत अशी की ती पुष्कळदा विषाणू बाळगतात आणि स्वतः ठणठणीत राहतात, मरतात त्या शेजारच्या कोंबड्या. काही प्रकारांत बदकंही मरतात. तेव्हा नुसती धाप नसते, मान पिळते, तोल जातो, गोल फिरतात, डोळ्याचं बुबुळ दुधाळ होतं. आणि एकाच वेळी अनेक. ताईंकडे चौदातलं एक बदक हळूहळू थकतंय आणि गावच्या कोंबड्या बऱ्या आहेत. हे चित्र बर्ड फ्लूचं वाटत नाही. नाहीच असं इथे बसून कोणी छातीठोक सांगू नये.

ठेचा, आता तुमचं. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे संशय आल्यावर कळवणं पक्षीमालकावर बंधनकारक आहे. पण कायदा बाजूला ठेवून रोकडा व्यवहार पाहा. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेतून पक्के होऊन आले तर बाधित क्षेत्रातले पक्षी मारतात, आणि भरपाई मिळते ती त्या मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवून ठेवणाऱ्याच्या कोंबड्याही जातात आणि पैसेही.

वऱ्हाडी_ठेचा

हे कोणी सांगतलंच नव्हतं आमाले. पटलं.

यवतमाळी

डॉक्टरांनी फवारणीचं विचारलं ते बरं केलं. आमच्या भागात कापसावरच्या फवाऱ्यामुळे २०१७ मध्ये शेतकरी-मजूर गेले, सगळ्यांना आठवत असेल. पाखरांचं कोणी मोजलं नाही. पंप धुतलेलं पाणी बांधावर ओततात, बदकं नेमकी त्याच डबक्यात चोच घालतात. तोंडातून लाळ, धाप, पाय लुळे, आणि हे सगळं तास-दोन तासांत. कालपर्यंत चांगलं असलेलं बदक असं दिसलं तर रोग शोधत बसू नका, डबा शोधा. डब्यावरचं नाव डॉक्टरला सांगितलं की उतारा ठरतो.

ब्रह्मपुरीकर

आणि मे महिन्यात चोच उघडी दिसली म्हणून कोणी घाबरू नका. आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की सगळीच बदकं धापा टाकतात, पंख अंगापासून सुटे धरून. सावली आणि पाणी दिलं की अर्ध्या तासात निवतात. निवली नाहीत तर मग बघायचं. नोव्हेंबरात सकाळी धाप मात्र उन्हाची नसतेच.

आजीचा_बटवा

माझा काढा सगळ्यांनी मोडीत काढला, ठीक आहे. पण आजारी पक्ष्याला द्यायचं तरी काय? उपाशी ठेवायचं?

ढोरडॉक्टर

अजिबात नाही, आणि बटव्यातलं बरंच उपयोगी आहे. शेवग्याचा पाला, पालक, अझोला (पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं नेचं) बारीक चिरून पाण्यावर तरंगत ठेवा. नुसत्या कोंडा-भातावरच्या बदकांना अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यानेही डोळे-नाक गळतात आणि तोंडात पांढरे ठिपके येतात. ओलसर मऊ भात, त्यात उकडलेलं अंडं कुस्करून. कोरडी, उबदार, वारा न लागणारी जागा. आणि आजारी बदक पोहायला सोडू नका. ते चोचीने पिसांना तेल चोपडायचं बंद करतं, मग पिसं पाणी पितात आणि पक्षी गारठतो. कोंबडीखाली निघालेल्या पिलांचंही पहिल्या आठवड्यांत हेच होतं. सख्ख्या आईच्या पिसांचं तेल त्यांना लागलेलं नसतं.

तुमसरवाला

एक पुस्ती. बुरसलेला मका, शेंगदाण्याची ढेप 'माणसाला नको, बदकाला घाला' म्हणून देतात. ते तर मुळीच नको. त्यातल्या बुरशीच्या विषाला बदकाइतकं नाजूक दुसरं पाखरू नाही. कोंबडी पचवेल त्यावर बदकाची पिलं मरतात. आमच्या गिरणीतून नेतात त्यांना मी हे सांगतो, ऐकत कोणी नाही.

बोडीकाठ

मंडळी, पहिली मादी काल पहाटे गेली.

ढोरडॉक्टरांना विचारून, हातात थैली घालून दोन पिशव्यांत बांधली, बर्फाच्या डब्यात ठेवली (गोठवायची नाही म्हणाले) आणि भावाबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात पाठवली. तिथल्या डॉक्टरांनी फाडून दाखवली. भावाने फोटो काढलाय, इथे टाकत नाही, जेवत असतील कोणी. वायुकोशांवर पिवळट पांढऱ्या चपट्या गाठी, आणि एका कोशात आतून हिरवट राखाडी लव, शिळ्या भाकरीवर धरते तशी. बुरशीच म्हणाले. यकृत वगैरे ठीक होतं.

तणस सगळी काढून लांब खड्ड्यात टाकली. खोपीत चुना मारला, वाळवली, आता खाली कोरडी रेती आणि वर गिरणीचं नवं तूस. रोज वरचा ओला थर काढते. कुडाला वरून हातभर फट केली.

डोळ्याच्या मादीला गालाकडे थोडी सूज निघाली. तिला वजन करून (थैलीतच!) इंजेक्शन सुरू केलंय आणि डोळा मिठाच्या कोमट पाण्याने धुते. बादलीत डोकं बुडवते तेव्हा नाकातून बुडबुडे काढते, मजा वाटते तिला. फेस कमी आहे, सूज अजून आहे. बाकी कळपात आणखी एक मंदावलेली वाटते. तिच्यावर लक्ष आहे.

घोगरेबुवा मजेत.

पुणेरी_गच्ची

वाईट वाटलं वाचून. मीही आज गच्चीवरचा भुसा बदलला. खालून काळा होता.

मुलचेरा_कॅम्प

ताई, मंदावलेलीची छाती चाचपत राहा. मधलं हाड चाकूच्या पात्यासारखं हाताला लागायला लागलं की ती आतून झिजते आहे, वरून पिसांमुळे कळत नाही. आमच्याकडे आई रोज कोंडताना एकेकीला उचलून बघायची.

बोडीकाठ

बघते. आणि माझा अंड्यांचा प्रश्न राहिलाच की!

ढोरडॉक्टर

हो, राहिला. इंजेक्शन चालू असलेल्या मादीची अंडी खायची नाहीत आणि विकायची नाहीत. कधीपर्यंत ते इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, औषधागणिक बदलतं. एनरोफ्लॉक्सासिनबद्दल युरोपात लेबलवरच लिहितात की ज्यांची अंडी माणसं खातात त्या पक्ष्यांना देऊच नका. तुमची ती पुडी पाण्यात पडली असती तर सगळ्याच कळपाची अंडी बाद झाली असती. बाकीच्यांची खुशाल खा, पूर्ण शिजवून. बदकाचं अंडं अर्धकच्चं कधीच नको, साल्मोनेला असू शकतो. आणि ती मादी अंडं घालतेय त्या जागेवर रंगाचा ठिपका द्या, नाहीतर कोणाचं कुठलं कळणार नाही.

बोडीकाठ

ती सध्या घालतच नाहीये, त्यामुळे ते सोपं झालं.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे बाकीच्याइचे चालतात. ताई, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करू काय?

आरमोरी_वाट

धागा वाचला, उपयोगी आहे. माझा प्रश्न जोडतो. आमच्या गावात कोंबड्यांना मानमोडीची (राणीखेत) लस देतात तेव्हा बदकांच्याही डोळ्यात दोन थेंब टाकून घेतो. म्हणजे बदकांचं लसीकरण झालं ना?

ढोरडॉक्टर

नाही. मानमोडीने बदक सहसा आजारी पडत नाही. बदकांचा मोठा शत्रू म्हणजे बदक-प्लेग. डोळे उजेड सहन करत नाहीत, पापण्या चिकटतात, नाक वाहतं, म्हणून लोक त्यालाही सर्दी समजतात. पण सोबत पातळ, कधी रक्ताळ हगवण असते आणि कळपच्या कळप जातो. त्यावर औषध नाही. त्याची लस वेगळी, साधारण दोन महिन्यांच्या पुढे कातडीखाली टोचतात, मग वर्षाला एकदा. आजार शिरल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी दवाखान्यात मागणी नोंदवा. एका कुपीत पुष्कळ पक्ष्यांचे डोस असतात आणि फोडल्यावर ती लगेच संपवावी लागते, त्यामुळे दोन-चार घरांच्या बदकांसाठी मागवणं परवडत नाही.

आरमोरी_वाट

गावात सगळी मिळून साठ-सत्तर तरी निघतील. ग्रामपंचायतीत बोलतो.

पशुसेवक_निवृत्त

बर्फाचा डबा आपलाच न्या. आणि टोचायला सकाळचा वेळ ठेवा, बोडीवर सुटायच्या आधी. एकदा पाण्यात गेली की धरता धरता दिवस जातो.